दंडाची कातडी

माझ्या धाकट्या जावेचे दंड पाहिले की माझा आजही जळफळाट होतो. आता लपवून काय करू? गोल, भरलेले, तुकतुकीत दंड. ब्लाऊजच्या बाहीत असे बसतात की बाहीला एक चुणी पडत नाही. हात वर करून ती दोरीवर साडी वाळत घालते, तेव्हा दंड जागचा हलत नाही. माझा हलतो. नुसता हलत नाही, मी हात खाली घेतला तरी त्याचं आपलं चालूच राहतं.

आम्ही दोघी जावा आदिलाबादच्या रयतु बजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात, एकाच गाळ्यावर बसतो. गावाबाहेर आमची भाजीची वाडी आहे. नवरा आणि दीर पिकवतात, आम्ही विकतो. पूर्वी आम्ही दोघीही जाड होतो, आणि त्यातली जास्त जाड मी. बाजारात लोक खूण म्हणून आमचंच नाव सांगायचे, ‘त्या दोन जाड्या बाया बसतात ना, त्यायच्या बाजूनं.’ मला त्याचं काही वाटत नसे. गाळ्यावर मी मांडी ठोकून बसले की अर्धी जागा माझी. भाव करायला येणारा माणूस आधी मला बघूनच थोडा नरम यायचा.

मग गुडघे गेले. पाठोपाठ शुगर निघाली. ऑटोत चढताना दोन माणसं खालून ढकलायला लागायची आणि ऑटोवाला तोंड फिरवून हसायचा. डॉक्टर तर ओरडलाच माझ्यावर, एवढ्या लोकांसमोर. मी घरी येऊन त्याला भरपूर शिव्या दिल्या, पण माझ्या पोरीनं त्याचं म्हणणं धरून ठेवलं. ती इथल्याच एका खासगी शाळेत शिकवते. रोज पहाटे ती माझी चादर ओढायची. ‘आई, ऊठ.’ ‘आज नाई वं, पाय दुखून राह्यला.’ ‘काल बी दुखत होता. ऊठ.’ मग आम्ही दोघी मायलेकी रस्त्यानं चालत सुटायचो, ती पुढं, मी मागं फूफू करत. भात बंद केला. ज्वारीची भाकरी आणि वाडीतला पाला. चहातली साखर गेली तेव्हा तर मी रडलेसुद्धा.

दोनेक वर्षं गेली यात. वजन इतकं उतरलं की पोरगी म्हणायची, ‘आई, तुझ्यातून एक काकू बाहेर पडली बघ.’ गुडघे सुटले, शुगर काबूत आली. भाजीची भरली टोपली मी पुन्हा डोक्यावर घ्यायला लागले.

पण कातडी तिथंच राहिली. मला वाटलं होतं, आतलं गेलं की वरचं आपोआप आवळून येईल. कुठलं काय! दंडाची कातडी लोंबली, मांड्यांची लोंबली, गळ्याखाली झोळ पडला. पोट तर असं झालं की बसले की मांडीवर येऊन पडायचं. डॉक्टरला दाखवलं, तर म्हणाला, ‘आता ही अशीच राहील बाई. वर्षानुवर्षं ताणली गेली, तिच्यात ओढ उरली नाही. व्यायामानं जायची नाही. कापून काढता येते, पण ते मोठं ऑपरेशन. तुमची तब्येत आता चांगली आहे, कशाला?’

‘मंग हे पहिलेच सांगाचं होतं ना!’ मी म्हटलं.

तो हसला. मला हसू आलं नाही.

जिच्या अंगाला हे नाही तिला यातलं काही कळायचं नाही. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो! त्या घडीत घाम साचतो, कातडीला कातडी घासते, लाल पुरळ उठतं आणि आग आग होते. आंघोळ झाली की घडी उचलून उचलून कोरडी करायची. पावडर लावायची. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून घडीत ठेवायच्या. मग पोट वर उचलून परकराच्या नाडीत कोंबायचं, वरून ओढणीचा पट्टा आवळायचा, तेव्हा कुठं साडी नेसता येते. पाठीवर बगलेखालून ज्या घड्या जातात तिथं माझा हात पोचत नाही. तिथं पोरगी पुसून द्यायची, पावडर दाबून द्यायची. ‘हात वर कर. आता तिकडं वळ.’ शाळेतलं, बाजारातलं सगळं बोलणं तेव्हाच व्हायचं आमचं. एरवी दिवसभर ती तिच्या कामात, मी माझ्या.

एवढं सगळं करून मी बाजारात जाऊन बसले, तर लोकांनी काय म्हणावं? ‘अवं माय! काय झालं हो तुमाले?’ कोणी म्हणावं, ‘सुकल्या की हो.’ एक तेलुगू म्हातारी रोज कोथिंबीर न्यायची. तिनं माझा हात धरून विचारलं, ‘आरोग्यम बागालेदा अम्मा?’ तब्येत बरी नाही का, म्हणून. मी म्हटलं, बरी आहे, आधी बरी नव्हती. तिला ते पटलं नाही. तिनं च् च् केलं, आणि कोथिंबीर धाकटीच्या हातून घेतली. माझ्या हातची नाही. तिच्यामागून आणखी दोघीतिघी तशाच वळल्या.

आणि धाकटीला? ‘बाई, तुमी कशा मस्त दिसता! खात्यापित्या घरच्या.’ ही बया दोन वेळा भात खाते, वर तूप. पाणी आणायला उठली तरी धापा टाकते. आणि मस्त कोण दिसते, तर ती! आमच्या गाळ्यावर वांगं घेणारी प्रत्येक बाई आधी बोटानं दाबून पाहते. तट्ट फुगलेलं, चकचकीत वांगं उचलते आणि सुरकुतलेलं बाजूला सारते. दिवसभर माझ्या डोळ्यासमोर हेच चाललेलं असायचं, आणि शेजारी धाकटी बसलेली असायची. तिच्या बांगड्यासुद्धा मनगटावर जागच्या जागी राहतात. माझ्या कोपरापर्यंत चढतात आणि पुन्हा खाली येतात.

मी एक युक्ती काढली. हिलाही फिरायला न्यायचं. वजन उतरलं की हिचीही कातडी लोंबेल, मग बघू कोण मस्त दिसतं ते. मी फार गोड आवाजात म्हटलं, ‘चाल ना वं आमच्यासंग पहाटे. तुह्याच भल्याचं हाय.’ ती आली. चार-पाच दिवस आली. नाक्यावर एक माणूस सकाळीच मिरची भजी तळायला बसतो. तिथपर्यंत आली की ती बाकावर बसायची. ‘बाई, तुमी जाऊन या, मी इथंच हाओ.’ आम्ही परत येईपर्यंत तिची प्लेट संपलेली असायची. वजन आणखी वाढलं असेल, कमी काही झालं नाही. दंड आणखीच गोल दिसायला लागले. मी नाद सोडला.

इथपर्यंत सगळं माझ्या एकटीच्या पोटातलं होतं. पण मग ते पोरीच्या लग्नात आलं.

राजुऱ्याकडचं एक स्थळ आलं होतं. पोहे झाले, चहा झाला, पोरगी आवडली असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दोन दिवसांनी मध्यस्थ येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाला, ‘पोरगी पसंत हाये. पन मायले काय बिमारी हाये ते विचारून राह्यले. एवढी बाई अशी सुकते कशी म्हनतात. टीबी-गीबी त नाई?’ नवऱ्यानं समजावून सांगितलं. मध्यस्थानं मान डोलावली आणि तो गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरीनं नेहमीसारखी माझी चादर ओढली. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, ‘आई, तू मनावर घेऊ नको.’ तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर वांकिडीचं स्थळ आलं. मुलगा वीज खात्यात. त्याची आई आणि तो, दोघंच घरात. याचा फोटो पोरीनं मोबाईलमध्ये ठेवला होता. भाजीचा हिशोब करायला तिचा मोबाईल घेतला तेव्हा मला दिसला. मी पाहिला असं काही तिला दाखवलं नाही. पण हे मोडलं तर पोरीचं नुसतं स्थळ जाणार नव्हतं, आणखी काही जाणार होतं, एवढं मला कळलं.

ते पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी दीर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. ‘वहिनी, राग नका धरू. उद्या तुमी जरा सैपाकघरातच राहा. समोर हे बसंल,’ त्यानं बायकोकडं बोट केलं. ‘ कोनी विचारलं त सांगू, कामात हाय.’

‘म्हंजे मी लपू?’

‘लपू नाई हो. जरासं आत राहा.’

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत होता. धाकटी म्हणाली, ‘बाई, पोरीसाठीच हाय ना.’ आणि लगेच, ‘तुमची ते हिरवी साडी घालू का मी? तुमाले आता ते उठून दिसत नाई.’

मला वाटलं, हिच्या तोंडावर साडी फेकून मारावी. पण तो मोबाईलमधला फोटो आठवला. साडी दिली.

मी कोपराखालपर्यंत बाह्या असलेलं ब्लाऊज घातलं, कोणी आत डोकावलंच तर दिसू नये म्हणून. आणि पुऱ्यांची कणीक तिंबत बसले. गॅसची धग, वर पत्रा. थोड्याच वेळात बाह्या वर सारल्या. दाराला पडदा होता, पण कडेला चांगली फट होती. मुलाची आई आली ती आपल्या भावाच्या खांद्यावर हात टेकत आली. चांगलीच जाड होती. सतरंजीवर बसता येईना म्हणून तिला खुर्ची दिली. ती टेकली आणि गुडघे चोळत राहिली. बाई मोकळी वाटली. पोरीशी चांगलं बोलली. शाळेतलं विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं. मुलगा कोपऱ्यात बसून चोरून पोरीकडं बघत होता. माझं मन निवत चाललं होतं.

तेवढ्यात ती बाई धाकटीकडं वळून म्हणाली, ‘विहीनबाई, पोरगी तुमच्याच वळनावर गेली बरं. तोंड त तुमचंच.’

धाकटी हसली आणि म्हणाली, ‘हो ना.’

हो ना! ऐकलंत? माझी पोरगी, माझं तोंड, आणि ही म्हणते हो ना. पोरीनं मान वर करून पडद्याकडं पाहिलं. नवरा खोकला. दीर म्हणाला, ‘पोहे घ्या, पोहे घ्या.’ कोणीही सांगितलं नाही.

आणि मग मुलाची आई म्हणाली, ‘आमाले पसंत हाय. साखर आना.’

आमच्यात ही साखर म्हणजे साधी गोष्ट नाही. पसंती पडली की मुलाची आई पोरीच्या आईला आपल्या हातानं चिमूटभर साखर भरवते. ती तोंडात गेली की शब्द झाला. मग कोणी फिरत नाही.

साखर न्यायला धाकटी आत आली. मी तिचा पदर धरला. ‘तू काऊन सांगितलं नाई?’

‘आता कसं सांगू बाई? मोडलं त? लग्न झाल्यावर सांगू ना.’

‘लग्न झाल्यावर?’

‘हळू बोला.’ तिनं हात वर करून फळीवरचा डबा काढला. त्या वेळीसुद्धा माझं लक्ष तिच्या दंडाकडं गेलं. वाटीत साखर घेऊन ती बाहेर गेली.

मी फटीतून पाहिलं. त्या बाईनं चिमूट भरली. तिला उठवत नव्हतं म्हणून धाकटी वाकली. माझी हिरवी साडी नेसून वाकली आणि तोंड उघडलं.

‘थांबा!’ मी बाहेर कधी आले मला कळलंच नाही. हाताला कणीक, बाह्या दंडावर. ‘ते साखर माही हाय. पोरीची माय मी हाओ.’

त्या बाईचा हात तसाच अधांतरी. ‘मंग हे कोन?’

‘हे माही धाकटी जाऊ.’

‘आन तुमी आत काऊन बसल्या?’

‘माही कातडी पाहून तुमी परत जासान म्हनून.’

तिनं चिमूट वाटीत सोडली. तिचा भाऊ उभाच राहिला. ‘म्हंजे आमाले फसवून राह्यले का? आज माय बदलली, उद्या पोरगी बदलसान!’ दीर हात जोडायला लागला. माझी पोरगी उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहवत नव्हता. मनात आलं, अजून थोडा वेळ गप्प बसले असते तर काय मेले असते का मी?

‘तू बस रे,’ ती बाई भावाला म्हणाली. मग मला, ‘इकडे या. हात द्या.’

मी हात पुढं केला. तिनं दंडाची लोंबती कातडी दोन बोटांत धरून ओढली, कापड बघावं तशी. मग आतलं मांस दाबलं, जोरात. एकदा या बाजूनं, एकदा त्या. माझ्या मनात आलं, वांगं.

‘माहा मानूस सुकून सुकून गेला,’ ती म्हणाली. ‘शेवटी मीच आंघोळ घालत होती त्याले. बिमारीचा हात मले मालूम हाय. आत काहीच राहत नाई, नुसतं हाड लागते. यायच्या हातात आत त दगड हाय.’ मग माझ्याकडं पाहून, ‘टोपली उचलता?’

‘भरलेली उचलते.’

‘आन गुडघे?’

मी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठून उभी राहिले. तिची नजर माझ्या गुडघ्यावर खिळली. ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी धाकटीच्या दंडाकडं तशीच बघत आले आहे.

‘बाप्पा!’ ती म्हणाली. ‘कसं केलं वं हे?’

‘पोरीनं केलं,’ मी म्हटलं. ‘रोज पहाटे ओढून नेते मले.’

तिनं माझ्या पोरीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुन्हा चिमूट भरली आणि माझ्या तोंडात घातली. किती दिवसांनी साखर लागली होती जिभेला! शुगर वाढली असेल तर वाढो. मी ती सावकाश चघळली, धाकटीला दिसेल अशी. धाकटी वाटी उचलून आत गेली.

लग्नात मी आखूड बाह्यांचं ब्लाऊज शिवलं. प्रत्येक फोटोत माझे दंड लोंबताना दिसतात. दिसू देत.

पोरगी गेली आणि पहाटेची माझी चादर कोणी ओढेना. तरी मी जाते, एकटी. पाठीला पावडर लावायला नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं अर्धा डबा जमिनीवर सांडला आणि शिंकत बसला. धाकटी म्हणाली, ‘मी लावून देते ना बाई.’ तिला पाठ दाखवू? त्यापेक्षा पुरळ परवडलं.

एक दिवस पोरीचा फोन आला. आवाज अगदी आनंदात. ‘आई, सासूबाई बी फिराले निघाल्या. पहाटे मीच उठवते त्यायले.’ मी म्हटलं, चांगलं हाय. खरंच म्हटलं. पुढं दर फोनवर तेच. आज देवळापर्यंत गेलो, आज त्याच्याही पुढं गेलो, सासूबाईनं भात सोडला. मी गाळ्यावर बसून ऐकायची आणि भेंडी निवडायची.

मग एकदा म्हणाली, ‘चांगलं वजन उतरलं आई त्यायचं. गुडघे सुटले. पन आता तुह्यासारखी कातडी सुटून राह्यली. पाठीले पावडर मीच लावून देते. तवाच आमच्या गोष्टी होतात बघ, शाळेच्या, घरच्या.’

‘बरं हाय,’ मी म्हटलं आणि फोन ठेवला. एक गिऱ्हाईक वांगं दाबत होतं, त्याच्यावर उगाच खेकसले. त्या दिवशी धाकटी हात वर करून माळ्यावरची टोपली काढत होती, तर तिच्या दंडाकडं मी पाहिलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष वांकिडीला होतं. मी त्या बाईची पाठ डोळ्यासमोर आणत होते आणि तिथं माझ्या पोरीचा हात फिरताना मला दिसत होता. ‘हात वर कर. आता तिकडं वळ.’

जावेची कातडी लोंबावी म्हणून मी काय काय केलं. आता देवाजवळ एवढंच मागत होते की त्या बाईची पुन्हा तट्ट भरू दे.

दिवाळीला मी तुपातले बेसनाचे लाडू केले. तिला शुगर नाही, नुसते गुडघे होते, तेव्हा तसा काही धोका नव्हता. डबा काठोकाठ भरला. नवरा वांकिडीला जाणार होता, त्याच्या हाती दिला आणि पोरीला फोन केला. ‘हे सगळे तुह्या सासूले दे. चांगला आग्रह करून खाऊ घाल.’

पोरगी हसली. ‘त्या गोड नाई खात आता, आई,’ ती म्हणाली. ‘एकदम तुह्यासारख्याच झाल्या.’